घरचा स्वस्त स्टोरेज सर्व्हर: हार्डवेअर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातले फोटो, व्हिडिओ, महत्त्वाच्या कागदांचे स्कॅन आणि प्रत्येकाच्या फोन-लॅपटॉपचे बॅकअप एकाच जागी असावेत, घरात कुठेही बसून ते उघडता यावेत, इतकी साधी गरज असलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ऑफिससाठी सर्व्हर उभा करणाऱ्यांना इथे फारसं काही मिळणार नाही.

नॅस म्हणजे नेमकं काय? तो घ्यायलाच हवा का?

हार्ड डिस्क जोडलेला, नेटवर्कवर असलेला आणि बहुतेक वेळ चालू राहणारा कॉम्प्युटर म्हणजे नॅस. स्क्रीन, कीबोर्ड, माउस काही लागत नाही. सगळी सेटिंग दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून होतात. त्यावर सांबा नावाची सेवा चालू केली की विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोन, सगळ्यांना त्यातले फोल्डर दिसतात.

घ्यायलाच हवा असं मात्र नाही. एका माणसाचा एकच लॅपटॉप असेल, तर दोन एक्स्टर्नल डिस्क आलटून पालटून वापरणं स्वस्तही पडतं आणि भरवशाचंही असतं. घरात चार माणसं, त्यांची सात-आठ उपकरणं आणि "तो फोटो कुणाच्या फोनमध्ये आहे?" हा प्रश्न रोजचा झाला, की नॅसचा विचार करावा.

राउटरलाच यूएसबी पोर्ट आहे. त्याला डिस्क लावली तर?

चव बघायला ठीक. राउटरचा प्रोसेसर या कामासाठी नसतो, त्यामुळे वेग पडतो, डिस्कची तब्येत तपासायची सोय सहसा नसते आणि राउटर रीस्टार्ट झाला की चालू असलेली कॉपी अर्धवट तुटते. महिनाभर वापरून बघा. उपयोग होतोय असं वाटलं तर पुढे वाचा.

एकूण बजेटमधले पैसे कशावर घालायचे?

आधी डिस्क. मग त्या डिस्कवरच्या मालाची दुसरी प्रत ठेवायला आणखी एक डिस्क. मग बरा एसएमपीएस (मशीनच्या भागांना वीज पुरवणारं युनिट) आणि जमल्यास यूपीएस. एवढं झाल्यावर उरेल त्यात डबा, म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट.

बहुतेक जण नेमकं उलट करतात. नवा प्रोसेसर, चकचकीत कॅबिनेट, भरपूर रॅम, आणि शेवटी हातात उरलेल्या पैशांत मिळेल ती एक डिस्क. डबा जळाला तर डिस्क काढून दुसऱ्या डब्यात लावता येतात. अनेक डिस्कचा एक संच करणारं लिनक्सचं एमडीएडीएम किंवा झेडएफएस हे सॉफ्टवेअर वापरलं असेल, तर नवं मशीन जुना डिस्कसंच ओळखतं आणि तासाभरात घर पुन्हा सुरू होतं. डिस्क गेली आणि दुसरी प्रत नसली, तर कितीही भारी प्रोसेसर तुमच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो परत आणू शकत नाही. खाली प्रत्येक उत्तरात हाच हिशेब आहे: डबा कामापुरता, डिस्क निवडून.

प्रोसेसर किती ताकदीचा लागतो?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी. आकडेच बघा. घरातलं साधं वायरचं नेटवर्क गिगाबिटचं असतं, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिट. भागिले ८ केलं की १२५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती येतात ११० ते ११५. आजची ३.५ इंची हार्ड डिस्क मोठी फाइल एकटीच सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइटने वाचते. म्हणजे एकच डिस्क नेटवर्कची वायर तुडुंब भरते आणि प्रोसेसर निवांत बसलेला असतो. दहा वर्षांपूर्वीचा दोन कोरचा प्रोसेसरसुद्धा ही फाइलवाटप आरामात करतो.

प्रोसेसरला घाम फुटतो तो तीन ठिकाणी: व्हिडिओचं चालू असताना रूपांतर, डिस्कचं एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं), आणि एकाच मशीनवर दहा-बारा वेगवेगळ्या सेवा. एन्क्रिप्शन हवं असेल तर प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठीच्या खास सूचना आहेत ना, एवढं बघा. इंटेल आणि एएमडीच्या गेल्या दशकातल्या जवळजवळ सगळ्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये त्या आहेत. छोट्या, एका बोर्डाच्या रास्पबेरी पाय ४ या कॉम्प्युटरमध्ये नाहीत, पाय ५ मध्ये आहेत.

माझ्याकडे जुना डेस्कटॉप पडून आहे. चालेल?

सहसा चालतो, आणि स्वस्तातला नॅस म्हटल्यावर सुरुवात इथूनच करावी. ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे डेस्कटॉप वापरलेल्या मालात भरपूर फिरतात. त्यांची बांधणी घरगुती पीसीपेक्षा चांगली असते. पण "जुना" म्हणजे किती जुना, यावर सगळं आहे.

इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढचं काहीही घ्या. चौथ्या-पाचव्या पिढीचंही चालतं, फुकट मिळत असेल तर नक्कीच. कोअर टू ड्युओच्या काळातलं यंत्र मात्र फुकटातही महाग पडतं. ते नुसतं बसून जी वीज खातं त्याचा हिशेब पुढच्या उत्तरात आहे.

दुसरी गोष्ट आकाराची. या कंपन्या एकच मॉडेल तीन-चार आकारांत काढतात. तळहाताएवढ्या मायक्रो किंवा टायनी प्रकारात ३.५ इंची डिस्क बसतच नाही, एक २.५ इंची डिस्क आणि एक एम.२ (मदरबोर्डवरच बसणारी पट्टीसारखी) एसएसडी, बस. स्मॉल फॉर्म फॅक्टरमध्ये एक, फार तर दोन मोठ्या डिस्क बसतात. उभ्या टॉवरमध्ये दोन ते चार. नॅससाठी टॉवर किंवा निदान स्मॉल फॉर्म फॅक्टर बघा. विकत घेण्याआधी झाकण उघडलेला फोटो मागा आणि तीन गोष्टी मोजा: साटा पोर्ट (मदरबोर्डवर डिस्क जोडायची जागा) किती, डिस्कच्या जागा किती, आणि एसएमपीएसमधून डिस्ककडे जाणाऱ्या पॉवरच्या वायरी किती. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते. या ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्डचा जोड बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस सरळ बसत नाही. म्हणून आत जे आहे त्यावरच भागेल का, हे आधी ठरवा.

वीज किती जाईल?

एक वॅट वर्षभर चोवीस तास चालला तर ८.७६ युनिट होतात. हा आकडा पाठ करा. नॅसच्या बाबतीत यापेक्षा उपयोगी दुसरा आकडा नाही. पंधरा वॅटवर बसणारं मशीन वर्षाला साधारण १३१ युनिट घेतं, साठ वॅटवर बसणारं ५२५. फरक ३९४ युनिटांचा. तुमच्या वीजबिलावरच्या युनिटच्या दराने गुणा आणि नॅस पाच वर्षं चालणार असं धरा. "स्वस्त" जुनं मशीन आणि "महाग" नवं मशीन यांची जागा बऱ्याचदा इथेच बदलते.

इथे एक घोळ नेहमी होतो. प्रोसेसरच्या माहितीत टीडीपी म्हणून जो वॅटचा आकडा असतो तो पूर्ण भार असतानाच्या उष्णतेबद्दल आहे. नॅस दिवसातले बावीस-तेवीस तास काहीच करत नसतो, म्हणून बघायचा तो रिकाम्या बसण्याचा आकडा, आणि तोही संपूर्ण मशीनचा. ६५ वॅट टीडीपीचा आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेला ऑफिसचा डेस्कटॉप डिस्कशिवाय १० ते २० वॅटवर बसू शकतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून टाका. चालू असलेली प्रत्येक ३.५ इंची डिस्क वर ४ ते ७ वॅट घेते, त्यामुळे २ टीबीच्या चार डिस्कपेक्षा ८ टीबीची एक डिस्क वर्षानुवर्षं बिल वाचवते. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, तो एकदा लावून बघा. अंदाजांवर भांडण्यापेक्षा बरं.

कंपन्यांतून निघालेले रॅकमधले सर्व्हर फार मोहक किमतीला मिळतात. घेऊ नका. रिकामे बसून शंभर वॅटच्या आसपास खातात आणि त्यांच्या छोट्या पंख्यांचा आवाज बंद दाराआडूनही ऐकू येतो.

रास्पबेरी पायवर नॅस होतो का?

होतो, पण कोणता पाय ते महत्त्वाचं. पाय ३बी प्लसला गिगाबिट पोर्ट आहे खरा, पण तो आतून यूएसबी २ वरून जोडलेला असल्यामुळे वेग सेकंदाला ३०० मेगाबिटच्या आसपास अडतो. २०१९ सालच्या पाय ४ पासून खरा गिगाबिट आणि यूएसबी ३ आले. २०२३ च्या पाय ५ वर पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडाची एक लेन (मार्गिका) उघडी केलेली आहे. तिला वेगळा जोड लावून एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी किंवा साटा पोर्ट बसवता येतात.

अडचण पॉवरची. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. दोन पोर्टेबल डिस्क एकदम फिरायला लागल्या की व्होल्टेज पडतं, डिस्क मध्येच गायब होते आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा स्वतःची पॉवर असलेला यूएसबी हब लावा. ऑपरेटिंग सिस्टम मेमरी कार्डावर न ठेवता छोट्या एसएसडीवर ठेवा. सततच्या लिहिण्याने कार्डं मरतात.

माझं मत विचाराल तर, पाय घरात आधीच असेल आणि एकाच डिस्कवर भागत असेल तर जरूर वापरा. नवा पाय, अडॅप्टर, केस, हब, एसएसडीचा जोड हे सगळं विकत घेऊन बेरीज केली, तर त्याच पैशांत वापरलेला डेस्कटॉप येतो, ज्यात डिस्क सरळ साटावर बसते.

आणि ते एन१०० वाले छोटे पीसी?

इंटेलचा एन१०० हा २०२३ पासूनचा चार कोरचा प्रोसेसर, टीडीपी ६ वॅट. विजेच्या बाबतीत पायच्या जवळ, ताकदीने बराच पुढे, आणि व्हिडिओचं रूपांतर करणारा इंटेलचा क्विक सिंक त्यात आहे. नवं घ्यायचंच असेल तर घरच्या नॅससाठी हा माझा पहिला पर्याय.

फक्त दोन गोष्टी तपासा. बाजारातले बहुतेक मिनी पीसी दोन एसएसडींपुरते असतात, त्यांत मोठी डिस्क बसत नाही. नॅससाठी म्हणून चार-सहा साटा पोर्ट दिलेले एन१०० चे मदरबोर्ड वेगळे मिळतात, ते बघा. आणि प्रोसेसरकडे एकूण ९ पीसीआय एक्सप्रेस लेनच आहेत. सहा साटा, दोन एम.२, चार नेटवर्क पोर्ट अशी लांबलचक जाहिरात असलेल्या बोर्डावर या लेन वाटून दिलेल्या असतात. हार्ड डिस्कना त्याने फरक पडत नाही, वेगवान एसएसडींना पडतो.

जुना लॅपटॉप?

वीज कमी, बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. पण डिस्क यूएसबीवर लटकवाव्या लागतात आणि सतत चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगू शकते. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर बॅटरी काढून वापरा.

सिनॉलॉजी, क्यूनॅपसारखा तयार डबा घेतला तर काय बिघडलं?

काहीच नाही. सॉफ्टवेअर सुरेख असतं, वीज कमी लागते, आवाज कमी येतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही तो चालवता येतो. त्याच पैशांत हार्डवेअर कमी मिळतं आणि पाच-सात वर्षांनी अपडेट थांबले की डबा जुना होतो. ज्यांना मशीन उघडायची हौस नाही त्यांनी दोन डिस्कचा तयार डबा घ्यावा आणि हे पान इथून थेट डिस्कच्या प्रश्नावर न्यावं, कारण डिस्क त्यालाही लागतातच.

डिस्क कोणती घ्यावी? सीएमआर, एसएमआर ही काय भानगड आहे?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

जुन्या पद्धतीच्या म्हणजे सीएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींना न झाकता शेजारी शेजारी लिहिल्या जातात. एसएमआरमध्ये त्याच जागेत जास्त पट्ट्या बसाव्यात म्हणून, छपरावर कौलं चढवतात तशी प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर थोडी चढवून लिहितात. वाचताना काही अडत नाही. पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्या पुढच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम आधी एका छोट्या राखीव भागात लिहून पुढे ढकलते. तो भाग भरला की वेग एकदम कोसळतो. रेइडमधली (अनेक डिस्क एकत्र वापरणाऱ्या संचातली) एखादी डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कवर तासन्‌तास सलग लिहावं लागतं, आणि एसएमआर डिस्क नेमकी तिथेच गुडघे टेकते. झेडएफएसमध्ये हा त्रास विशेष जाणवतो.

गोची अशी की हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. आज ढोबळ नियम असा: रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ, तोशिबाची एन३०० या सीएमआर. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त डिस्कमध्ये, विशेषतः सीगेटच्या बॅराकुडात, एसएमआर बरेच. २.५ इंची १ टीबी आणि त्यावरच्या पोर्टेबल डिस्क जवळपास सगळ्याच एसएमआर समजा. घेण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. नुसत्या मालिकेच्या नावावर जाऊ नका.

एसएमआर डिस्क टाकाऊ नाही. आठवड्यातून एकदा बॅकअप घेऊन कपाटात ठेवायच्या डिस्कसाठी ती उत्तम आणि स्वस्त.

नॅसच्या डिस्कचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. खराब जागा वाचताना डेस्कटॉपची डिस्क मिनिटभरही झटत राहू शकते; तेवढ्यात लिनक्स ३० सेकंद वाट बघून डिस्कशी जोड नव्याने लावायला जातं, आणि एका खराब जागेपायी अख्खी डिस्क संचाबाहेर फेकली जाऊ शकते. नॅसच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात आणि दुसऱ्या डिस्कवरून माहिती घेऊ देतात.

किती टीबी घेऊ?

आज जेवढं आहे त्याच्या दुप्पट ते तिप्पट. ४ टीबीची डिस्क कॉम्प्युटर ३.६४ दाखवतो, फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. किमतीला टीबीने भागून बघा: सगळ्यात छोट्या डिस्क प्रत्येक टीबीमागे महाग पडतात, सगळ्यात मोठ्याही पडतात. मधला कुठलातरी आकार फायद्याचा असतो.

वापरलेली डिस्क घ्यावी का?

दुसऱ्या प्रतीची सोय पक्की असेल तरच. डेटा सेंटरमधून निघालेल्या साटा डिस्क चांगला सौदा असू शकतात, पण एसएएस जोडाच्या डिस्क चुकून घेऊ नका. त्या साध्या मदरबोर्डाला लागत नाहीत.

हातात आल्यावर स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींचा, अहवाल काढा. क्रमांक ५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे), १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे न वाचता आलेले सेक्टर: हे तिन्ही शून्य हवेत. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. केबल बदलून बघा. मग स्मार्टची लांब चाचणी आणि पूर्ण डिस्क एकदा लिहून वाचून काढणं. मोठ्या डिस्कला यात दोन-तीन दिवस जातात, जाऊ द्या. नव्या डिस्कलाही हेच करावं, म्हणजे दोष निघालाच तर परत करायची मुदत हातात असते.

अहवाल स्वच्छ आला म्हणून गाफील मात्र राहू नका. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये स्वतःकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही दिसलेलं नव्हतं.

एक्स्टर्नल डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क वापरणारेही बरेच आहेत, कारण ती बऱ्याचदा सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते. वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा. अशी डिस्क जुन्या एसएमपीएसवर फिरतच नसेल तर ती खराब समजून फेकू नका. पॉवरच्या जोडातल्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की काही डिस्क मुद्दाम बंद राहतात. त्या पिनेवर उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम होतं.

सगळं एसएसडीवरच केलं तर?

आवाज नाही, वीज कमी, जागा कमी. पण गिगाबिटच्या वायरीवर मोठ्या फाइलचा वेग तेवढाच राहणार, आणि त्याच पैशांत जागा कितीतरी कमी मिळणार. १-२ टीबीत भागत असेल तर जरूर करा. एरवी एसएसडी लहान घ्या, फक्त ऑपरेटिंग सिस्टमसाठी. १२० जीबीची जुनी असली तरी पुरते.

रेइड हवंच का? किती डिस्कचं?

रेइड म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य सगळेच म्हणतात आणि तरी निम्मे लोक रेइड लावून निर्धास्त होतात. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारं रेइड १ तुम्हाला एका प्रसंगातून वाचवतं: एक डिस्क मेली तरी नॅस चालू राहतो. चुकून उडवलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस), चोरी, विजेचा झटका, यांत दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्याचा काही उपयोग नाही.

म्हणून बजेटमध्ये दोनच डिस्क बसत असतील, तर माझ्या मते रेइड करूच नये. एक डिस्क नॅसमध्ये, दुसरी यूएसबीच्या खोक्यात घालून आठवड्याला बॅकअप घ्यायला, आणि एरवी वायर काढून शक्यतो दुसऱ्या घरात. नॅसची डिस्क मेली तर एखादा दिवस घर फोटोंविना राहील, एवढंच. फार तर आठवड्याभरातली नवी माहिती जाईल. तिसरी डिस्क परवडली की नॅसमध्ये रेइड १ करा. चार डिस्क झाल्या की मग रेइड ५, रेइड ६ किंवा झेडएफएसच्या रेइडझेडच्या चर्चेत शिरा.

मदरबोर्डवर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) असलेलं रेइड वापरू नका. बोर्ड गेला की तसाच बोर्ड शोधत फिरावं लागू शकतं. सॉफ्टवेअरचं रेइड कुठल्याही लिनक्स मशीनवर उघडतं. यूएसबीवरच्या डिस्कचं रेइडही टाळा, कारण यूएसबीचा जोड एखाद्या क्षणासाठी सुटला तरी संच मोडल्यासारखा वागतो.

रॅम किती? ईसीसी लागते का? प्रत्येक टीबीला १ जीबी म्हणतात ते?

ओपनमीडियाव्हॉल्ट या नॅससाठीच्या ऑपरेटिंग सिस्टमला २-४ जीबी खूप झाली. ट्रूनॅस या तशाच दुसऱ्या सिस्टमला किमान ८ जीबी लागते आणि घरासाठी तेवढ्यावर छान चालतं. टीबीला १ जीबीचा नियम मोठ्या, व्यग्र सर्व्हरसाठीचा अंदाज होता. घरच्या नॅसवर तो लावायचं कारण नाही. झेडएफएसमधलं डीडुप्लिकेशन (सारख्या माहितीची एकच प्रत ठेवणं) मात्र खरंच रॅम पितं. ते चालू करू नका म्हणजे झालं.

ईसीसी, म्हणजे स्वतःतली चूक ओळखून सुधारणारी रॅम चांगलीच असते, मिळत असेल तर घ्या. पण ती नसेल तर झेडएफएस वापरूच नये हा समज चुकीचा आहे. रॅममधली चूक कुठल्याही फाइल सिस्टमला सारखीच बाधते. ईसीसीसाठी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम तिन्ही जुळावे लागतात, आणि तो खर्च वाढण्याआधी दुसऱ्या प्रतीची डिस्क आलेली असावी.

साटा पोर्ट कमी पडताहेत.

एएसएम११६६ किंवा जेएमबी५८५ चिप असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घ्या. पाच-सहा पोर्ट मिळतात, वीज कमी लागते. पोर्ट मल्टिप्लायर (एक पोर्ट अनेक डिस्कना वाटणारी चिप) वापरून आठ-दहा पोर्ट देणारी कार्डं टाळा. एलएसआयची सर्व्हरमधली जुनी कार्डं दणकट असतात, पण ती आयटी मोडमध्ये (स्वतः रेइड न करता डिस्क सरळ मशीनला दाखवणारी) असावी लागतात, त्यांना वारं लागतं आणि एकटं कार्डच १० वॅटच्या आसपास घेतं.

एसएमपीएस किती वॅटचा?

३.५ इंची डिस्क फिरायला लागताना काही सेकंद २० ते २५ वॅट ओढते. चार डिस्कचे शंभर धरा, बाकी मशीनचे पन्नास-साठ. ३०० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. ७५० वॅटचा घेतलात तर तो कायम पाच टक्क्यांच्या भारावर चालेल, जिथे बहुतेक एसएमपीएसची कार्यक्षमता वाईट असते. वॅटपेक्षा कंपनी बघा. अनोळखी स्वस्त एसएमपीएस मरताना डिस्कनाही बरोबर घेऊन जाऊ शकतो.

मोलेक्स या जुन्या, चार पिनांच्या पॉवरच्या जोडावरून साटा पॉवर काढायचे स्वस्त जोड असतात. त्यांतले प्लॅस्टिक ओतून बंद केलेले जोड आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. वायर दाबून बसवलेला, पाठीमागचं झाकण वेगळं दिसणारा जोडच घ्या.

२.५ गिगाबिट नेटवर्क करावं का?

रोज मोठे व्हिडिओ एडिट करत असाल तर. वेग सेकंदाला २८० मेगाबाइटपर्यंत जातो आणि कॅट ५ई ची जुनी वायरही चालते. पण नॅस, स्विच आणि तुमचा कॉम्प्युटर, तिन्ही बाजूंना २.५ गिगाबिट हवं. त्याआधी एक बघा: घरात कुठे १०० मेगाबिटचा जुना स्विच किंवा चारच तारा जोडलेली वायर तर नाही ना? तसं असेल तर वेग १२ मेगाबाइटवर अडकलेला असतो आणि लोक नवा नॅस शोधत असतात. नॅस राउटरला वायरनेच जोडा. फोन-लॅपटॉप वायफायवर असले तरी चालतं.

सिनेमे टीव्हीवर बघायचे आहेत. ग्राफिक्स कार्ड लागेल?

नाही. टीव्हीला फाइलचा प्रकार समजत असेल तर ती तशीच जाते, नॅसला काहीच करावं लागत नाही. समजत नसेल तर नॅस तिचं रूपांतर करतो, आणि तिथे इंटेलचा क्विक सिंक कामी येतो. १० बिटच्या एचईव्हीसी या पद्धतीच्या व्हिडिओ फाइलसाठी सातव्या पिढीपासून पुढचा इंटेल बघा. घरचे व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी जेलीफिनमध्ये ही सोय मोफत आहे, प्लेक्समध्ये पैसे भरून.

यूपीएस खरंच लागतो?

वीज जाते तिथे लागतो. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टम बिघडायची शक्यता असते. यूएसबीची वायर देणारा यूपीएस घ्या आणि नॅसवर नट हे सॉफ्टवेअर लावा. बॅटरी कमी झाली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं. तासभर बॅकअप नको, नीट बंद व्हायला पाच मिनिटं पुरतात.

कुठे ठेवू?

वारं खेळेल तिथे. डिस्कचं तापमान ३० ते ४५ अंशांत राहू द्या, पन्नासच्या वर जायला लागलं तर डिस्कसमोर १२० मिलिमीटरचा एक सावकाश फिरणारा पंखा लावा. बंद कपाट नको, जमिनीवरची धूळ नको, आणि झोपायची खोली तर नकोच. रात्री डिस्कची करकर ऐकू येते.

बाहेरगावाहून फायली उघडता येतील का?

येतील, पण राउटरवर पोर्ट उघडून नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठून त्यातल्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोड) वापरा. ते पाय ४ वरही चालतं, त्यासाठी वेगळं हार्डवेअर नको.

सगळं जोडून झालं. फोटो टाकायला सुरुवात करू?

दोन दिवस थांबा. आधी निरुपयोगी फायलींनी डिस्क अर्धी भरा. नॅस चालू असताना प्लग काढा, पुन्हा चालू करा, फायली तशाच आहेत का बघा. रेइड केलं असेल तर मशीन बंद करून एका डिस्कची वायर काढा, चालू करा, आणि इशाऱ्याचा ईमेल तुमच्यापर्यंत येतो का ते तपासा. मग वायर परत लावून संच पूर्ववत करून घ्या. शेवटी बॅकअपच्या डिस्कवरून एक फोल्डर दुसऱ्याच कॉम्प्युटरवर परत आणून त्यातल्या चार फायली उघडून बघा. हे सगळं जमलं की फोटो टाका, आणि फोनमधले मूळ फोटो लगेच उडवू नका.